आवाज बंद हाय ना?

आमच्या माळ्यावर एक जुना लॅपटॉप आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो, पुसला जातो आणि परत वर जातो. त्याच्या उजव्या कडेला एक चपटी फट आहे. त्या फटीत पत्त्याच्या पानाएवढं नेटवर्क कार्ड बसायचं. त्या कार्डानं मला जेवढं छळलं तेवढं शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनीही छळलं नसेल. तरी तो लॅपटॉप टाकवत नाही.

हल्ली ताईचा फोन येतो तेव्हा तिच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटेसुद्धा स्वच्छ दिसतात. आवाज तर असा, की वाटावं बाई आखातात नाही, आमच्याच स्वयंपाकघरात बसली आहे. सगळं झकास चालतं. पण फोन लागल्यावर खाटेच्या कडेला टेकून, तोंड दुसरीकडे करून, 'आवाज बंद हाय ना?' असं विचारणारं आता कुणी नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. माणसाची आठवण यावी हे ठीक, पण मला त्या काळातला एक बिघाडही तितकाच आठवतो, आणि तो परत व्हावा असं वाटतं. हे आमच्या धंद्यातल्या माणसानं बोलू नये.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, सापगावच्या पुढे. घरी भातशेती. मी शहापूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. ताई माझ्याहून मोठी, नर्सिंग शिकलेली. तिचं लग्न बाबांनी मुरबाडकडच्या एका घरात ठरवलं होतं. बोलणी झाली, सुपारी फुटली, आणि त्याच सुमारास तिला आखातातल्या एका इस्पितळाची नोकरी लागली. मुरबाडकडची माणसं म्हणाली, लग्न झाल्यावर नोकरी नको. ताई म्हणाली, मग लग्न नको. दिलेला शब्द परत घ्यायला बाबांना मुरबाडकडे जावं लागलं. ते एकटेच गेले आणि संध्याकाळी परत आले. पाय धुऊन पडवीत बसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी ताईशी अबोला धरला.

अबोला म्हणजे काय हे आमच्या घरात शिकवावं लागत नव्हतं. बाबांचा आणि धाकट्या काकांचा बांधावरून कित्येक वर्षं अबोला होता. काकांचं घर आमच्या मागेच. त्या अबोल्याला रीतसर नियम होते. एकमेकांकडून विळा, कोयता, बी-बियाणं घ्यायला हरकत नाही. आजारपणात धावून जायलाही हरकत नाही. फक्त थेट बोलायचं नाही. काही कळवायचंच असलं तर म्हशीला सांगायचं. काका परसात असले की बाबा गोठ्यात जाऊन मोठ्यानं म्हणायचे, "काय गो, उद्या वरच्या खाचरातला पानी सोडायचा हाय बरं का." म्हैस कान हलवायची. पलीकडून काका आपल्या बैलाला सांगायचे, "सोडू दे, सोडू दे, आमचा झालाय." सगळं सुरळीत चालायचं. लहानपणी मला वाटे, सगळ्या गावांत भाऊ-भाऊ असेच बोलत असतील.

पण ताई निघाली त्या सकाळी बाबा म्हशीशीही बोलले नाहीत. ती पाया पडली. ते गव्हाणीत पेंढा सारत राहिले. ताई गाडीत बसेपर्यंत मागे वळून गोठ्याकडे बघत होती, की निदान म्हशीला तरी काही सांगतील. गोठ्यातून आवाज आला नाही. आईनं पदर तोंडाला लावला आणि मी बॅगा उचलल्या.

ताईचा फोन यायचा, पण आखातातून बोलणं महाग, म्हणून सगळे घाईघाईत आणि ओरडून बोलायचे. आई रडायची, त्यात अर्धा वेळ जायचा. बाबा फोनची घंटा वाजली की उठून परसात जायचे. शेवटी शेवटी ताई मला एकच विचारायची, "बाबा कसे दिसतात रे आता?" कसे आहेत असं नाही विचारायची. बोलणं तर त्यांनी बंदच केलं होतं, निदान दिसावेत एवढंच तिचं मागणं होतं. ते मला लागलं. बाप आणि मुलगी एकमेकांशी पुन्हा बोलतील की नाही हे माझ्या हातात नव्हतं, पण दाखवणं माझ्या धंद्यातलं होतं.

तेव्हा आमच्या टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड मिळायला नुकतीच सुरुवात झाली होती. मी अर्ज केला, मोडेम आला. एका ओळखीच्या ऑफिसातून काढून टाकलेला लॅपटॉप मिळवला. त्यावर लिनक्स नावाची सिस्टिम टाकली, कारण ती फुकट होती आणि त्या जुन्या यंत्राला दुसरं काही पेलत नव्हतं. शिवाय क्लासमधल्या पोरांसमोर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटवली की आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं, हेही आहेच. लॅपटॉपला नेटची तार जोडायची जागा नव्हती, म्हणून ते कार्ड घेतलं. एक स्वस्तातला कॅमेरा घेतला, त्याला माइक नव्हता, तो लॅपटॉपचा वापरायचा होता.

पहिल्या शुक्रवारी मी सगळं जोडलं. शुक्रवारी ताईला सुट्टी असायची, आणि शहापूरच्या बाजारपेठेची वीज संध्याकाळपर्यंत जायची म्हणून आमचा क्लासही बंद असायचा. आई नवं लुगडं नेसून बसली. बाबा पडवीत सुंभ वळत बसले, त्यांचा याच्याशी काहीही संबंध नव्हता. मी कार्ड फटीत सरकवलं. हिरवा दिवा लागला. आणि लॅपटॉप हँग झाला.

हँग म्हणजे अगदी दगड. बाण हलेना, किल्ल्या दाबून उपयोग नाही, बंद करायचं तर बटण दाबून धरायचं. परत चालू केला, परत कार्ड घातलं, परत दगड. आई म्हणाली, "गरम झाला असंल, वारा घाल." मी खरंच पुठ्ठ्यानं वारा घातला.

मग सुरू झाली माझी शोधाशोध. आधी कार्ड घालून मशीन सुरू केलं, मग मशीन सुरू करून कार्ड घातलं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाशी कसं बोलायचं हे सिस्टिमला सांगणारा प्रोग्राम, काढून दुसरा टाकला. विजेचा दाब कमीजास्त होत असेल म्हणून शेजाऱ्यांच्या टीव्हीचा स्टॅबिलायझर मागून आणला. दसऱ्याला आईनं लॅपटॉपची पूजा केली होती, तेव्हा एखादी अक्षता फटीत गेली असेल म्हणून कापूस गुंडाळलेल्या काडीनं फट साफ केली. कुंकू निघालं थोडं. आईचा चेहरा एवढा पडला की मलाच वाईट वाटलं. म्हटलं, "आई, कुंकवानं काही होत नाही." आणि खरंच काही झालं नव्हतं, कारण साफ करूनही तो तसाच हँग झाला.

बाबा हे सगळं पडवीतून बघत होते. एकदा म्हशीला म्हणाले, "पेटी आनलीय, पन ती बी कुनाशी बोलत नाय." घरात अबोला धरणारी आणखी एक वस्तू आली याचं त्यांना बरं वाटलं असावं.

उकल झाली ती गाण्यामुळे. कंटाळून मी एकदा गाणं लावून काम करत होतो. कार्ड घातलं, लॅपटॉप हँग झाला, आणि गाण्याचा शेवटचा तुकडा तसाच अडकून घर्रर्र घर्रर्र वाजत राहिला. नंतर लक्षात आलं की गाणं लावलेलं असलं की तो लगेच मरतो, नसलं की थोडा वेळ तग धरतो. म्हणजे भांडण नुसत्या कार्डाचं नव्हतं. आवाजाचं आणि कार्डाचं होतं.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटातल्या प्रत्येक भागाला काही काम निघालं की तो मुख्य चिपला हाक मारतो, बाई, जरा इकडे बघ. ही हाक मारायला तारा असतात. आमच्या लॅपटॉपमध्ये आवाजाची चिप आणि नेटवर्क कार्ड दोघं एकाच तारेवर बसली होती. एकानं हाक मारली की ती कुणाची हे चिपला कळेना. दोघंही ओरडत राहत आणि दोघंही हटून बसत, आणि त्या गोंधळात सगळी सिस्टिम दगड व्हायची. मी त्यांना वेगळ्या तारा द्यायचा खूप प्रयत्न केला. सुरुवातीच्या आज्ञांमध्ये हे लिही, ते लिही, क्लासमधल्या इंटरनेटवर कुणा अनोळखी परदेशी माणसांना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचार. ती बिचारी चांगली माणसं होती, त्यांनी पानं भरभरून उत्तरं दिली. पण आवाज आणि कार्ड काही एकमेकांपासून हलले नाहीत.

शेवटी एकच उपाय उरला. एका फाइलमध्ये एक ओळ लिहून आवाजाचा ड्रायव्हर सुरूच होऊ द्यायचा नाही. मग कार्ड निमूट चालायचं. नेट चालू, चित्र चालू, आवाज मात्र पूर्ण बंद. माझ्यातल्या मास्तराला हा पराभव वाटला, पण पुढच्या शुक्रवारी पडद्यावर ताई आली.

ती आधी हललीच नाही. मला वाटलं परत हँग झाला. मग तिनं हात वर केला. आईनं पडद्याला हात लावला, गालाच्या जागी. ताई काहीतरी बोलत होती, ओठ हलत होते, आवाज नाही. मी आईचं बोलणं टाइप करायचो आणि ताईचं वाचून दाखवायचो. आईला ते फार आवडलं असं नाही, पण ती म्हणाली, "दिसती तरी. बारीक झाली."

पडवीतून आवाज आला, "काय बोलते?"

हा प्रश्न म्हशीला होता की आम्हाला, सांगता येत नाही. मी म्हटलं, "बाबा, आवाज बंद आहे. काही ऐकू येत नाही. तिलाही आपलं काही ऐकू जात नाही."

सुंभ वळणं थांबलं. बाबा उठले, ओटीवर आले आणि खाटेच्या कडेला टेकले. पडद्याकडे पाठ नाही, तोंडही नाही, तिरके. खिडकीतून गोठा दिसायचा, तिकडे बघत बसले. मी कॅमेरा थोडा वळवला. पडद्यावर ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळानं अक्षरं उमटली, "बाबांचे केस किती पिकले रे." मी ते वाचून दाखवलं नाही.

असे शुक्रवार सुरू झाले. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन, टोपी घालून येत. आधी विचारत, "आवाज बंद हाय ना?" मी म्हणे, "बंद आहे." मग बसत. त्यांचा अबोला कुठेही मोडत नव्हता. बोलायची सोयच नाही तर न बोलल्याचा प्रश्न येतो कुठे? आधी ते फक्त गोठ्याकडे बघायचे. मग अधूनमधून पडद्याकडे. मग एके दिवशी खिडकीतून म्हशीला म्हणाले, "काय गो, इकडं लय पाऊस झाला औंदा. तुझ्याकडं वाळूच का नुसती?" आमच्या म्हशीनं वाळू कधी बघितली होती! मी मान खाली घालून किल्ल्यांकडे बघत राहिलो. ताईनं लिहिलं, "बाबा काय म्हणाले? ओठ हलले."

मी टाइप करायला हात उचलला तर बाबा म्हणाले, "लिहू नको."

मी नाही लिहिलं. पुढे ते हळूहळू म्हशीला सोडून थेट पडद्याशी बोलायला लागले. कोणाच्या घरी बारसं झालं, खर्डीला मावशीचा पाय मोडला, नवं बियाणं कसं निघालं, काका कसे बांधावर दोन बोटं पुढे सरकले. ती तिकडे हाताच्या ओंजळीत हनुवटी ठेवून एकटक बघायची. तिला एक अक्षर ऐकू जात नव्हतं. बोलून झालं की बाबा न चुकता म्हणायचे, "लिहू नको." मी ताईला फोनवर एकदा सगळं सांगायला निघालो तर ती म्हणाली, "नको. त्यांनी सांग म्हटलंय का? नाही ना? मग नको." ती त्यांचीच मुलगी होती. अबोल्याचे नियम तिलाही पाठ होते. पण फोन ठेवताना म्हणाली, "त्यांना मला काय सांगायचंय ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय रे मला. नाहीतर नको."

मी मूर्ख, मला वाटलं हे तर सोपं आहे, आवाज दुरुस्त केला की झालं. काही महिन्यांनी लिनक्सचं नवं कर्नेल आलं. कर्नेल म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा. नव्या गाभ्यात आमच्या कार्डाचा तो गोंधळ कुणीतरी भल्या माणसानं सोडवला होता. मी ते शहापूरहून सीडीवर उतरवून आणलं, टाकलं, आवाजाची बंदी उठवली, कार्ड घातलं. हिरवा दिवा लागला आणि काही झालं नाही. गाणं लावलं. तेही वाजलं. मी ओटीवर अक्षरशः नाचलो. कितीतरी महिन्यांचं भूत उतरलं होतं.

शुक्रवारी बाबा टोपी घालून आले. "आवाज बंद हाय ना?"

मी अभिमानानं म्हटलं, "नाही बाबा! दुरुस्त केला. आता बोला."

लॅपटॉपमधून ताईचा आवाज आला, "बाबा?" अगदी स्पष्ट.

बाबा उभे होते ते तसेच वळले आणि परसात गेले. त्या दिवशी परत आले नाहीत. पुढच्या शुक्रवारीही आले नाहीत. संध्याकाळी टोपी खुंटीलाच राहायची. ताई आईशी भरभरून बोलायची, हसायची, पण तिची नजर खाटेच्या कडेवर असायची. शेवटी आई मला म्हणाली, "तुला कुनी सांगितला होता रं दुरुस्त कराला? चांगला चालला होता बिघडून."

मी बिघडवून टाकला. सोपं होतं. लॅपटॉप सुरू होताना जुनं कर्नेल की नवं, असा पर्याय यायचा. मी जुनं निवडलं आणि आवाजाच्या बंदीची ओळ परत लिहिली. मग पडवीत जाऊन म्हटलं, "बाबा, आवाज परत गेला."

"दुरुस्त नाय होनार?"

"नाही वाटत."

"बरा झाला," म्हणाले, आणि टोपी घ्यायला उठले.

मग पुढची सुट्टी मिळाल्यावर ताई घरी आली. भातकापणी संपत आली होती, खळ्यात भारे रचलेले होते. आई रस्त्यापर्यंत धावत गेली. बाबा खळ्यात उभे होते. त्यांनी ताईला पाहिलं, ताईनं त्यांना पाहिलं, आणि दोघंही असे अवघडले की मला वाटलं आता काहीतरी होईल. ती पाया पडली. त्यांनी हात तिच्या डोक्यापर्यंत नेला आणि तो तिथं क्षणभर ठेवला. पण तोंडातून शब्द नाही. दिवस जात राहिले. ताई वाढायची, ते जेवायचे. ती खळ्यात पाणी घेऊन जायची, ते प्यायचे. म्हशीलासुद्धा ते काही सांगेनात. ताई कधी गोठ्यात शेण काढताना मुद्दाम रेंगाळायची. इतके शुक्रवार पडद्याशी बोलणारा माणूस, पोर समोर आल्यावर मुका झाला होता. तिची परत जायची तारीख जवळ येत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मला म्हणाली, "मी तिकडंच बरी होते रे. तिकडून निदान ओठ हललेले दिसायचे."

मग शुक्रवार आला. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन आले, खुंटीवरची टोपी घातली आणि आईला म्हणाले, "आज ती पेटी लावायची नाय का?"

आई हसायला लागली. "अवं, पोरगी घरात हाय. पेटीत कुनाला बघायचा?"

बाबा खाटेच्या कडेला टेकून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं हात पुसले, पर्स घेतली आणि मला म्हणाली, "मी जरा शहापूरला जाऊन येते. तू पेटी लाव."

ती रिक्षात बसून शहापूरला गेली. तिथल्या एका सायबर कॅफेत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसली. इकडे मी लॅपटॉप लावला, सवयीनं जुनं कर्नेल निवडलं, कार्ड घातलं. थोड्या वेळानं पडद्यावर ताई आली. मागं कॅफेची प्लायवुडची भिंत आणि एक कॅलेंडर. आई कपाळाला हात लावून आत गेली.

बाबांनी टोपी घातली. "आवाज बंद हाय ना?"

"बंद आहे."

ते पडद्याकडे बघत राहिले. ताईही बघत राहिली. मग बाबा खाकरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालू कर."

"काय?"

"आवाज चालू कर. चालू होत असंल त कर."

बंदी उठवून ड्रायव्हर सुरू करायला एक आज्ञा पुरेशी होती. मी ती भराभर टाइप केली आणि एंटर मारला. मारता मारताच मला आठवलं की आपण जुन्या कर्नेलवर आहोत.

बाण थांबला. पडद्यावर ताईचा चेहरा थोडा पुढे झुकलेला, भुवया उचललेल्या, तसाच राहिला. मी एक किल्ली दाबून पाहिली, दुसरी दाबून पाहिली. दगड. मी बाबांना सांगणार होतो, पण ते बोलायला लागले होते.

"तू गेलीस त्याचा राग नाय गो मला," ते म्हणाले. "मी शब्द परत घ्याला गेलो मुरबाडच्या त्या मानसाकडं. मला वाटला, तो चार शब्द सुनवंल. त्यानी चा दिला. बस म्हनला. पोरीची जात हाय, शिकलीय, जाऊ दे म्हनला. मला त्याची लाज वाटली. त्याला कळला ता मला नाय कळला. घरी आलो त तू बॅग भरीत होतीस. मला बोलता नाय आला. आज बोलू, उद्या बोलू, असा करता करता गाडी आली. मंग पेंढा सारीत बसलो. मंग तू गेलीस त बोलायचा कुनाशी?"

ताई एकटक ऐकत होती. निदान त्यांना तसंच दिसत होतं. ती पापणीही हलवत नव्हती, आणि मला वाटतं त्यामुळेच त्यांना बोलता आलं. ते घरातल्या रिकामपणाबद्दल बोलले. तिच्या खोलीत भाताची पोती ठेवू दिली नाहीत त्याबद्दल बोलले. मी बटणाला हात लावला नाही. आतून आईच्या भांड्यांचा आवाजही थांबला होता. बोलून झाल्यावर त्यांनी टोपीनं डोळे पुसले आणि म्हणाले, "आता घरी ये. भात निवतंय."

या वेळी 'लिहू नको' म्हणाले नाहीत.

ते उठून पडवीत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून पाटावर बसले. मी लॅपटॉपसमोर तसाच बसून होतो. त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. बाहेर अंधारून आलं. रिक्षाचा आवाज आला, दार वाजलं, आणि ताई जवळजवळ धावतच पडवीत शिरली. धाप लागली होती तिला.

"बाबा, चित्र अडकलं," ती म्हणाली. "तुमचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. मी थांबले, थांबले, मग निघाले. काय म्हणत होतात?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातून माझ्याकडे पाहिलं.

"तिला काय नाय आइकू गेला?"

मी मान हलवली.

ते गोठ्याकडे वळले. मला वाटलं, आता म्हशीला सांगणार. म्हैस रवंथ करत होती. बाबांनी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग पाटावर एका बाजूला सरकले, रिकाम्या झालेल्या जागेवरची धूळ टोपीनं झटकली, आणि ताईला म्हणाले, "मंग बस हितं. परत सांगतो."